कॉटनवर अँटीबॅक्टेरियल फिनिश टिकवायचंय? चांदी, सिलेन क्वाट, पीएचएमबी, झिंक, कायटोसान, डाळिंबाची साल: कुठल्या मालाला काय घ्यावं

हल्ली प्रोसेसला कापड येतं त्या चलनावर "अँटीबॅक्टेरियल, ५० वॉश" एवढंच लिहिलेलं असतं, आणि फोन केला की पार्टी म्हणते बायरने मागितलंय, तुमच्याकडे जे काय केमिकल असेल ते मारून द्या. मी फिनिशिंगच्या कामात आहे, इचलकरंजी-सोलापूर पट्ट्यातला माल रोज हाताखालून जातो, आणि माझं ठाम म्हणणं आहे की हा निर्णय असा घ्यायचा नसतो. बाजारात पाच-सहा प्रकारची केमिकल आहेत, त्यातलं प्रत्येक एखाद्या मालाला एकदम चपखल बसतं आणि दुसऱ्या मालाचं वाटोळं करतं. चादरीला जे चालतं ते टॉवेलला चालत नाही, मोज्याला जे छान बसतं ते हॉस्पिटलच्या पांढऱ्या बेडशीटवर पिवळं पडतं. या सीझनला अशी ऑर्डर घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर कशावर करायची, हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय.

सगळ्यात आधी पार्टीला विचारायचा प्रश्न केमिकलचा नाहीच. हे कापड कोण धुणार आणि कशाने धुणार, हा पहिला प्रश्न. घरी वडी लावून ब्रशने घासून उन्हात टाकणार, मशीनमध्ये पावडरीने फिरवणार, की लॉन्ड्री कॉन्ट्रॅक्टर गरम पाण्यात क्लोरीन ब्लीच ओतून काढणार? याचं उत्तर मिळालं की निम्मी यादी आपोआप कटते.

कॉटनचंच का होतं

कॉटन म्हणजे सेल्युलोज, साध्या हवेतसुद्धा वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून बसतं, त्यामुळे जंतूंना लागणारी ओल आणि जागा दोन्ही तिथे मिळतात. खायला घाम, त्वचेचं तेल आणि मेलेली कातडी असतेच, त्याचं ते विघटन करतात आणि तो कुबट वास येतो जो पावसाळ्यात प्रत्येक घरातल्या टॉवेलला येतो. बुरशीचं थोडं वेगळं आहे, ती सेल्युलोजच खाते, म्हणून गोडाऊनमध्ये दमट पडलेल्या ताग्यांना काळे ठिपके येतात आणि तिथे कापड कुजतं. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, बॅक्टेरियाचं फिनिश मारलं म्हणजे बुरशी थांबली असं होत नाही, त्याची टेस्ट वेगळी असते, एएटीसीसी ३० (एएटीसीसी म्हणजे कापडाच्या टेस्ट ठरवणारी अमेरिकन संस्था), आणि गोडाऊनची तक्रार असेल तर पार्टीला नेमकं काय पाहिजे ते आधी सुटं करून घ्या.

सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल ग्रुप भरपूर असतात, हाच कॉटनचा मोठा फायदा. ज्या केमिकलला या ग्रुपशी पक्कं बंधन करता येतं ते टिकतं, ज्याला येत नाही त्याला बाइंडरने चिकटवावं लागतं, आणि बाइंडर किती धुण्याला पुरतो तेवढंच मग त्याचं आयुष्य. म्हणून मी सगळ्या केमिकलचे दोनच गट करतो. एक गट कापडातून थोडं थोडं सुटत राहतो आणि सुटलेलं केमिकल जंतूपर्यंत जाऊन त्याला मारतं, चांदी, झिंक, तांबं हे सगळे यातले. दुसरा गट कापडाला धरून बसतो आणि जंतू येऊन टेकला की त्याचं आवरण फोडतो, सिलेन क्वाट (कापडाला जोडलं जाणारं क्वाटर्नरी अमोनियम जातीचं केमिकल) यातला मुख्य. पहिल्या गटाचा साठा कधीतरी संपणार. दुसऱ्याचा साठा संपत नाही पण त्याच्यावर थर चढला की काम बंद पडतं, मग तो थर मेलेल्या जंतूंचा असो, मळाचा असो नाहीतर बोअरच्या जड पाण्यात साबण फाटून बसलेल्या चिकट्याचा असो. टिकाऊपणाबद्दलचे जवळजवळ सगळे वाद या दोन ओळीत आले.

चांदी की सिलेन क्वाट

खरी निवड बहुतेक वेळा या दोघांतच होते म्हणून यावरच जास्त लिहितो.

चांदीचं चांगलं असं की लागते अगदी थोडी, किलोला मिलिग्रॅममध्ये मोजायची, आणि मारते जोरात. चांदीचा आयन जंतूच्या प्रोटीनमधल्या गंधकाला धरतो, त्याचे श्वसनाचे एन्झाइम बंद पाडतो, ग्रॅम पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह दोन्हीवर चालते, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट देखणा येतो आणि बायर खूष. कापडाचा हात बदलत नाही, पाणी शोषायला अडचण येत नाही. पण चांदीला कॉटनशी बंधन नाही, ती बाइंडरमध्ये बसवावी लागते, आणि बसवणाऱ्याच्या कामावर सगळं अवलंबून. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी बाजारातले नॅनो सिल्व्हरचे सहा प्रकारचे मोजे धुवून पाण्यात किती चांदी उतरते ते मोजलं होतं, त्यात एका प्रकारातली जवळपास सगळी चांदी चार धुण्यात निघून गेली आणि काहींमधली जेमतेम हलली. सगळ्यांवर शब्द तेच होते, चांदीचे मोजे. त्यामुळे "आमचं सिल्व्हर बेस आहे" या वाक्याला टिकाऊपणाच्या बाबतीत काहीही किंमत नाही, हे मी प्रत्येक पार्टीला सांगतो.

दुसरं, रंग. चांदी पांढऱ्यावर किंवा हलक्या शेडवर पिवळट-राखाडी झाक आणू शकते, उजेडाने आणि घामातल्या गंधकाने ती अजून गडद होते. गडद नेव्ही, काळा, मरून असला माल असेल तर फरक कळत नाही, पण ऑप्टिकल व्हाइट मारलेल्या पांढऱ्या मालावर मी चांदी सुचवत नाही. आणि क्लोरीन ब्लीच लागलं तर चांदीचं क्लोराइड होतं, मग तिचा वेग आणि रंग दोन्ही बदलतात. भावाचं तर विचारूच नका, चांदीचा बाजार वर गेला की सप्लायर पुढच्या ड्रमला नवा रेट लावतो, म्हणून लांब मुदतीचं कोटेशन देताना चांदीवर देऊ नका.

सिलेन क्वाटची गोष्ट उलटी. याच्या रेणूच्या एका टोकाला ट्रायमेथॉक्सी सिलेन असतं, ते पाण्यात फुटून कॉटनच्या हायड्रॉक्सिलशी आणि आपापसात जोडलं जातं, दुसऱ्या टोकाला पॉझिटिव्ह चार्जचा नायट्रोजन आणि १८ कार्बनची लांब शेपटी. जंतूच्या बाहेरच्या आवरणावर निगेटिव्ह चार्ज असतो, तो ओढला जातो आणि आवरण फाटतं. जोडणी नीट झाली, म्हणजे कापड स्वच्छ होतं, पीएच आम्लाकडे होता आणि स्टेंटरवर (कापड ताणून गरम हवेत सुकवणाऱ्या मशीनवर) नीट सुकून क्युअर झालं, म्हणजे गरमीने केमिकल पक्कं जोडलं गेलं, तर घरगुती धुण्याला हे फिनिश बाकी कुणाहीपेक्षा जास्त साथ देतं असा माझा अनुभव आहे, आणि केमिकल अंगावर सुटत नाही हा त्याहून मोठा फायदा. रंगात फरक नगण्य. भाव चांदीपेक्षा शांत.

मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये? कारण ती १८ कार्बनची शेपटी तेलकट स्वभावाची आहे. डोस थोडा वाढला की कापड पाण्याला नाही म्हणायला लागतं. चादर, शर्टिंग, युनिफॉर्म यांना ते चालून जातं पण टेरी टॉवेलला हा सरळ घात आहे. सोलापूरचा टॉवेल ज्या गोष्टीसाठी लोक घेतात ती म्हणजे अंग पटकन कोरडं होणं, आणि तुम्ही जंतू मारायच्या नादात तेच घालवून बसलात तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. टॉवेलवर करायचंच असेल तर कमी डोस, हायड्रोफिलिक सॉफ्टनर, आणि प्रत्येक लॉटला थेंबाची टेस्ट, पाण्याचा थेंब सोडला की लगेच आत गेला पाहिजे, वर मोत्यासारखा बसून राहिला तर तो लॉट तिथेच थांबवा.

दुसरी अडचण अ‍ॅनायॉनिक, म्हणजे निगेटिव्ह चार्जच्या वस्तूंची. क्वाट पॉझिटिव्ह आहे, म्हणून बाथमध्ये (कापड बुडवायच्या द्रावणात) अ‍ॅनायॉनिक सॉफ्टनर, अ‍ॅनायॉनिक वेटिंग एजंट, किंवा आधीच्या सोपिंगचं उरलेलं डिटर्जंट आलं की बाथ फाटतो, कापडावर डाग येतात आणि केमिकल कापडावर बसण्याऐवजी डिटर्जंटलाच जाऊन बसतं. रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगनंतर वॉश ऑफ अर्धवट सोडलेल्या मालावर हे फिनिश टिकलं नाही म्हणून केमिकलला शिव्या घालणारे खूप भेटतात, दोष असतो धुलाईच्या शेवटच्या बाथचा.

पीएचएमबी

पीएचएमबी म्हणजे पॉलिहेक्सामिथिलीन बायग्वानाइड, हेही पॉझिटिव्ह चार्जवालं, पण याला क्युरिंगची फार गरज नाही, ब्लीचिंगमुळे कॉटनवर तयार झालेल्या कार्बोक्सिल ग्रुपना ते जाऊन घट्ट बसतं, त्यामुळे सॉफ्ट फ्लो किंवा विंच या डाइंगच्या मशीनमध्येच शेवटच्या बाथला एक्झॉस्टने, म्हणजे कापड बाथमध्ये फिरवत ठेवून, देता येतं. ज्यांच्याकडे स्टेंटरची वेळ मिळत नाही त्यांना हे फार सोयीचं वाटतं. पाणी शोषण्यावर परिणाम सिलेन क्वाटएवढा नाही, म्हणून टॉवेलवाल्यांची याच्यावर नजर जाते. पण तीन गोष्टी बघा. रिअ‍ॅक्टिव्ह डायच्या सल्फोनेट ग्रुपशी ते जोडलं जातं, त्याने शेड थोडी सरकते आणि परिणामही घटतो. क्लोरीन लागलं की कापड पिवळं पडतं. आणि युरोपात पीएचएमबीला कॅन्सरचा संशय असलेल्या पदार्थांच्या वर्गात, म्हणजे कॅटेगरी २ मध्ये टाकलेलं आहे, त्यामुळे एक्सपोर्टचा माल असेल तर बायरची बंदी घातलेल्या केमिकलची यादी हातात आल्याशिवाय ड्रम उघडू नका. देशातल्या मालालाही, विशेषतः लहान मुलांच्या कपड्याला, मी हे वापरत नाही.

झिंक, तांबं आणि ट्रायक्लोसान

झिंक ऑक्साइडचं आकर्षण म्हणजे ते मुळात पांढरं, त्यामुळे शेडचा प्रश्न नाही, शिवाय यूव्हीपासून संरक्षण फुकटात. माटुंग्याच्या सरकोटने, म्हणजे कापूस तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, कॉटनवर नॅनो झिंक ऑक्साइडचं काम फार आधीपासून केलेलं आहे. अडचण तीच, बाइंडर लागतो, हात थोडा कडक होतो, आणि आम्लात झिंक ऑक्साइड विरघळतं, त्यामुळे आम्लधर्मी घामाने साठा हळूहळू खाली येतो. छत्रीचं कापड, पडदे, टोपी असल्या कमी धुतल्या जाणाऱ्या आणि उन्हात राहणाऱ्या मालाला चांगलं. नावात साम्य असलेलं झिंक पायरिथिऑन हे वेगळं केमिकल आहे, ते युरोपने मार्च २०२२ पासून कॉस्मेटिकमध्ये बंद केलंय, तेव्हा सप्लायर "झिंक बेस" म्हणाला तर नेमकं कोणतं झिंक ते लिहून घ्या.

तांब्याला स्वतःचा रंग आहे, कॉटनवर फिनिश म्हणून मारलं तर माल तपकिरी-हिरवट दिसतो, त्यावर वेळ घालवू नका.

ट्रायक्लोसान कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१६ मध्ये घरगुती अँटीसेप्टिक साबण आणि हँडवॉशमधून ते काढायला लावलं, त्याच्यासोबत अजून १८ पदार्थ होते. कॉटनशी त्याचं बंधन नाही, पॉलिस्टरला ते जास्त धरतं, आणि क्लोरीन व ऊन मिळून त्यातून डायॉक्सिन जातीचे विषारी पदार्थ बनू शकतात. कॉटनवर टिकायचं नाही आणि पाण्यात जाऊन त्रास द्यायचा, घ्यायचं कशाला.

हॉस्पिटलची बेडशीट

यावर वेगळं लिहायला पाहिजे कारण ऑर्डर मोठ्या असतात आणि गैरसमजही मोठे. हॉस्पिटलचं कापड लॉन्ड्रीत गरम पाण्यात, अल्कली आणि सोडियम हायपोक्लोराइट टाकून निघतं. ७१ अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं धुतलं तर जंतू धुण्यातच मरतात, तिथे फिनिशची मदत लागत नाही. फिनिशचा उपयोग झालाच तर दोन धुण्यांच्या मधल्या काळात, पेशंटच्या अंगाखाली चादर असताना. आणि नेमकं तेच क्लोरीन-अल्कलीचं धुणं बहुतेक फिनिशना लवकर संपवतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त मागणी तिथेच टिकायला सगळ्यात अवघड.

इथे एक वेगळ्या विचाराचं फिनिश आहे, एन-हॅलामीन. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये १९९० च्या दशकात यावर बरंच काम झालं. हायडँटॉइन जातीचं केमिकल कॉटनला पक्कं जोडायचं, मग कापड क्लोरीन ब्लीचमध्ये खळबळलं की नायट्रोजनवर क्लोरीन बसतं, जंतू आला की तो क्लोरीन खर्च होतो, पुढच्या धुण्यात ब्लीचने परत भरतो. जे क्लोरीन बाकीच्यांना मारतं तेच याला ताजं करतं! मारण्याचा वेगही जबरदस्त, इतर फिनिश तासांमध्ये जे करतात ते हे मिनिटांत करतं. पण याच्या मर्यादा स्पष्ट सांगतो: रंगीत माल नको, क्लोरीनने रिअ‍ॅक्टिव्ह शेड उडते, क्लोरीनचा वास राहतो, पांढऱ्यावर पिवळटपणा येऊ शकतो, क्युरिंगमध्ये कापडाची ताकद घटते, आणि जोडणाऱ्या काही केमिकलमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं त्याची मोजणी करावी लागते. आपल्याकडे जॉबवर्कमध्ये हे सहज मिळत नाही. पांढऱ्या लिननची मोठी, सलग ऑर्डर असेल आणि धुलाई तुमच्याच ओळखीच्या लॉन्ड्रीत होणार असेल तरच याच्या मागे लागा.

बाकी हॉस्पिटलच्या ऑर्डरला मी सांगतो ते असं, फिनिशवर मीटरमागे जे जातात त्याच पैशात कापडाचं रीड-पीक (उभ्या-आडव्या दोऱ्यांची दाटी) थोडं वाढवा, दोरा चांगला घ्या, म्हणजे चादर जास्त धुणी झेलेल. हॉस्पिटललाही खरी बचत त्यात आहे.

कडुलिंब, कायटोसान, डाळिंबाची साल

नैसर्गिक म्हटलं की कडुलिंब आणि तुळस येतातच, कार्डावर पानाचं चित्र छापलं की विकलंही जातं. अर्कात गुण आहे, यात शंका नाही, पण कॉटनला तो धरत नाही, नुसता पॅड केलेला (बुडवून रोलरने पिळलेला) अर्क चार-दोन धुण्यात जातो. मायक्रोएन्कॅप्सुलेशन करून, म्हणजे बारीक कवचात भरून, बाइंडरने बसवला तर थोडा जास्त चालतो, तरी चांदी किंवा क्वाटच्या जवळपास पोचत नाही. एकदा वापरून टाकायच्या वस्तूला, जसं वाइप्स किंवा मास्कचं अस्तर, ठीक आहे. "५० वॉश कडुलिंब" असं कुणी लिहून देत असेल तर ५० वॉशनंतरचा रिपोर्ट मागा, बोलणं तिथेच संपतं.

कायटोसान त्यापेक्षा पुष्कळ वरचं. कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात, रत्नागिरीकडच्या कोळंबी प्रक्रियेत असं कवच ढिगाने निघतं. सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवायचं आणि सायट्रिक आम्लासोबत, सोडियम हायपोफॉस्फाइट कॅटॅलिस्ट घेऊन, १६०-१७० अंशांना क्युअर करायचं म्हणजे ते सेल्युलोजशी जोडलं जातं. धुण्यात टिकतं बऱ्यापैकी. पण त्याचा पॉझिटिव्ह चार्ज आम्लातच जागा असतो, पीएच साडेसहाच्या वर गेला की मंदावतो, आणि आपली धुण्याची पावडर अल्कलीच असते. हात कडक होतो. सायट्रिक आम्लाच्या क्युरिंगने कापडाची ताकद कमी होते, पातळ मलमलला तर हे परवडतच नाही. आणि अजून एक, जे तांत्रिक नाही पण विक्रीत आडवं येतं: हे प्राण्याच्या कवचातून आलेलं आहे हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं, काही घरांना ते चालत नाही, जैन ट्रेडर तर हमखास विचारतात, आणि विचारल्यावर लपवायचं नसतं.

मला स्वतःला जास्त भरवसा टॅनिनचा, म्हणजे हिरडा-डाळिंबाच्या सालीतल्या तुरट द्रव्याचा वाटतो. हिरडा आपल्याकडे रंगारी लोक पिढ्यान्‌पिढ्या कापड तयार करायला वापरतात, आणि डाळिंबाची साल सोलापूर-सांगोला भागात मिळायला काहीच अडचण नाही. टॅनिन जंतूंच्या प्रोटीनला धरतं, आणि तुरटीचा मॉर्डंट घेतला तर ॲल्युमिनियम मध्ये राहून टॅनिनला कापडाशी बांधतं, त्यामुळे नुसत्या अर्कापेक्षा हे धुण्यात बरंच जास्त थांबतं. रंग मात्र पिवळा-खाकी येणारच, तो लपत नाही, तेव्हा ज्या मालाला तो रंगच पाहिजे, हातमागाचे पंचे, स्टोल, नैसर्गिक रंगाच्या साड्या, तिथे हे सुंदर बसतं. ५० धुण्यांचा दावा मी यावरही करणार नाही.

रिपोर्ट वाचताना

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

स्वस्त टेस्ट म्हणजे एएटीसीसी १४७. अगार प्लेटवर जंतूंच्या रेघा ओढतात, वर कापडाचा तुकडा ठेवतात, २४ तासांनी तुकड्याच्या बाजूला जंतू न वाढलेली मोकळी पट्टी किती मिलिमीटर ते बघतात. पट्टी मोठी दिसली की पार्टीला वाटतं फिनिश भारी. अहो, पट्टी मोठी म्हणजे केमिकल कापडातून जास्त सुटतंय, म्हणजे धुण्यातही तेवढंच सुटणार! कापडाला जोडून बसलेल्या सिलेन क्वाटला पट्टी दिसणारच नाही, फक्त तुकड्याखाली वाढ नसेल. या टेस्टवर चांदी आणि क्वाटची तुलना करून निर्णय घेतला तर तुम्ही टिकाऊ सोडून सुटणारं निवडता.

मोजून सांगणाऱ्या टेस्ट वेगळ्या, एएटीसीसी १००, आयएसओ २०७४३, आणि जोडून बसलेल्या फिनिशसाठी एएसटीएम ई २१४९, ज्यात कापड जंतूंच्या द्रवात हलवत ठेवतात. आयएसओ २०७४३ मध्ये परिणामाचा आकडा २ ते ३ म्हणजे चांगला आणि ३ च्या वर म्हणजे जोरदार धरतात. २ म्हणजे ९९ टक्के, ३ म्हणजे ९९.९ टक्के. ऐकायला सारखं वाटतं, पण एक लाख जंतूंमधले पहिल्यात हजार उरतात आणि दुसऱ्यात शंभर.

रिपोर्टवर तीन जागा बघायच्या. कोणते जंतू, साधारण स्टॅफिलोकोकस ऑरिअस आणि क्लेबसिएला न्यूमोनिए दोन्ही असावेत, एकच असेल तर दुसरा का नाही ते विचारा. तुलना कशाशी केली, तर त्याच कापडाच्या बिनफिनिशच्या तुकड्याशी, तोही तेवढाच धुतलेला. आणि मुख्य म्हणजे धुणं कोणत्या पद्धतीने. एएटीसीसी ६१ च्या २ए पद्धतीत ४९ अंशांना स्टीलच्या ५० गोळ्यांसोबत ४५ मिनिटांचं एक धुणं घरच्या पाच धुण्यांबरोबर धरतात, म्हणजे "५० वॉश" म्हणजे प्रत्यक्षात दहा फेऱ्या असू शकतात, आणि ती पद्धत मुळात रंगाच्या पक्केपणासाठीची आहे. आयएसओ ६३३० मध्ये खरोखर मशीनमध्ये एकेक धुणं करतात. दोन सप्लायरचे रिपोर्ट दोन पद्धतींचे असतील तर ते शेजारी ठेवून तुलना होत नाही. घाटकोपरच्या बिट्रासारख्या कापड संशोधन संस्थेत स्वतःच्या कापडावर टेस्ट करून घ्या, सप्लायरने त्याच्या पॉपलिनवर काढलेला रिपोर्ट तुमच्या टेरीला लागू होत नाही.

सिलेन क्वाट वापरत असाल तर घरच्या घरी करायची एक फार उपयोगी परीक्षा आहे. ब्रोमोफिनॉल ब्लूचं पातळ द्रावण करायचं, त्यात फिनिश केलेला आणि न केलेला असे दोन तुकडे बुडवायचे, मग दोन्ही वाहत्या पाण्यात धुवायचे. कोऱ्या तुकड्यातला निळा रंग धुवून जातो, क्वाट बसलेला तुकडा निळाच राहतो. हाच प्रयोग तागा आडवा कापून पन्ह्याच्या पूर्ण पट्टीवर केला की मॅंगलचा (कापड पिळणाऱ्या रोलरचा) दाब कडेला आणि मध्ये सारखा आहे का ते डोळ्यांना दिसतं, कडेला गडद आणि मध्ये फिका निळा आला तर रोलर बघा. आणि धुतलेल्या तुकड्यांवर केला की फिनिश कुठपर्यंत टिकलं ते लॅबला पैसे भरायच्या आधी समजतं. फक्त कॅटायनिक (पॉझिटिव्ह चार्जचा) सॉफ्टनरही निळा रंग धरतो, तेव्हा सॉफ्टनर नसलेल्या तुकड्यावर करा.

डोसचा हिशोब आणि क्युरिंग

सप्लायर म्हणतो २० जीपीएल, म्हणजे लिटरला २० ग्रॅम घाला. १०० किलो कापड, पिकअप ७५ टक्के, म्हणजे कापडाने ७५ लिटर बाथ उचलला, त्यात दीड किलो माल गेला. आता ड्रममध्ये खरं केमिकल ५ टक्केच असेल तर १०० किलो कापडावर बसलं फक्त ७५ ग्रॅम. दुसऱ्याचा ड्रम दुप्पट भावाचा दिसतो पण त्यात १५ टक्के असेल तर तो स्वस्त आहे. म्हणून ड्रमचा भाव विचारू नका, अ‍ॅक्टिव्ह कंटेंट विचारा आणि किलो कापडामागे किती पैसे पडतात ते काढा. ज्या सप्लायरला अ‍ॅक्टिव्ह कंटेंट सांगायचं नाही त्याच्याकडून घेऊ नका.

क्युरिंगला घाई करणारे खूप. स्टेंटरच्या मीटरवर १५० दिसतं पण ती हवेची गरमी झाली, जाड टेरी किंवा जड ड्रिल आत तेवढं तापायला वेळ लागतो, आणि प्रॉडक्शनसाठी स्पीड वाढवला की माल सुकतो पण क्युअर होत नाही. पहिल्या टेस्टला तो लॉट पास होतो, कारण केमिकल कापडावर आहेच, पण जोडलेलं नसतं, दहा धुण्यांनी नापास. टिकाऊपणाच्या तक्रारीत मी पहिल्यांदा स्टेंटरचा स्पीड विचारतो.

मग घ्यायचं काय

चादर, शर्टिंग, युनिफॉर्म, पिलो कव्हर, जे घरी मशीनमध्ये धुतलं जातं: सिलेन क्वाट, दुसरा विचार नको. गडद मोजे, बुटांचं अस्तर, जिथे वास हाच मुद्दा आहे आणि माल दोन वर्षांत फेकलाच जातो: चांगल्या बाइंडरमधली चांदी, पण धुतल्यानंतरचा रिपोर्ट घेऊन. ऑर्गेनिकचा गॉट्स शिक्का असलेल्या मालाला नॅनो कणांचं फिनिश चालत नाही, तिथे नॅनो सिल्व्हर, नॅनो झिंक विषयच नाही. पांढरं हॉस्पिटल लिनन: वर लिहिलंय. टॉवेल: हातात थेंबाची टेस्ट घेऊन कमी डोसचा क्वाट, नाहीतर काहीच नको. रोज उन्हात वाळणाऱ्या कॉटनच्या टॉवेलला याची गरज मला तरी दिसत नाही, गरज आहे ती दमट फ्लॅटमध्ये दांडीवर वाळणाऱ्या टॉवेलला.

बाळाच्या कपड्याला, लंगोटाला, दुपट्याला मी कुठलंच फिनिश सुचवत नाही. नाजूक कातडी, कपडा रोज उकळत्या पाण्यातून निघतो, आणि अंगावरचे चांगले जंतूही बाळाला लागतातच. पार्टीने आग्रह केला तर काम दुसरीकडे गेलं तरी चालेल.

लेबलवर काय लिहायचं तेही आधी ठरवा. "कापडावरचे वासाचे जंतू रोखतं" इथपर्यंत ठीक. "आजारापासून वाचवतं" हे लिहिलंत की अमेरिकेत तो माल कीटकनाशकाच्या कायद्याखाली जातो, युरोपात बायोसाइडच्या कायद्यानुसार जंतूंचा दावा केला की वापरलेल्या पदार्थाचं नाव लेबलवर द्यावं लागतं, आणि तो पदार्थ तिथे मान्य असावा लागतो. २०२० मध्ये मास्कवर लोकांनी वाटेल ते छापलं, पण फिनिश कापडाला जपतं, माणसाला औषध देत नाही.

आणि ऑर्डर घ्यायचं ठरलं तर उरलेल्या बाथचं काय करणार हे त्याच दिवशी ठरवा. क्वाट असो की चांदी, शंभर-दोनशे लिटर बाथ सरळ ईटीपीत (सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमध्ये) सोडलात तर एअरेशन टँकमधले पाणी साफ करणारे बॅक्टेरियाच मरतात, मग पुढचे कित्येक दिवस प्लांट सावरत नाही आणि तेच पाणी पुढे जातं. पंचगंगेचं दुखणं आपल्याला काही नवीन नाही. म्हणून बाथ कापडाच्या मीटरवर मोजूनच बनवा, ट्रफ लहान ठेवा, त्याच फिनिशचे लॉट एकामागोमाग लावा, आणि शेवटी जे उरेल ते वेगळ्या ड्रममध्ये ठेवून पुढच्या लॉटला त्याची ताकद तपासून वापरा. सिलेन क्वाटचा पातळ केलेला बाथ फार दिवस राहत नाही, आपापसात जोडून गढूळ होतो, तेव्हा तो दुसऱ्या दिवशीच्या लॉटला संपवायचं नियोजन आधीच करा.